दीड हजार पत्रं आणि बावन्न जणी



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाचं दोन दिवसांचं नियोजन शिबिर झालं. शनिवार-रविवार धरला होता. शिबिराला निघताना आमच्या एका गटातल्या ताईंना सासूबाईंनी विचारलं, "दोन दिवस नुसतं बसून बोलणार? बोलण्यानं काय होतंय?" ताईंनी काही उत्तर दिलं नाही, आल्या मुकाट्यानं. दुपारी जेवताना मात्र त्यांनी तोच प्रश्न मला विचारला. "मॅडम, खरं सांगा, असं बसून काही होतं का?"

त्या वेळी मी "होतं की" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. म्हणून आज तुम्हाला अशाच एका बैठकीची गोष्ट सांगते. ती आपल्या देशातली नाही, अमेरिकेतली आहे, आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. पण ऐकताना तुम्हाला आपलीच वाटेल. ती बैठक नर्सबाईंची होती. उपकेंद्रावर आपण ज्यांना सिस्टर म्हणतो, त्यांच्या पेशातल्या बायकांची.

आधी थोडी मागची गोष्ट. अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम करून ठेवलं होतं. १८६५ साली ती गुलामी कायद्यानं संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. म्हणजे ही गोष्ट आपल्या घरात दीडशे वर्षांपूर्वीच येऊन पोचलेली आहे. पण कायद्यानं गुलामी संपली तरी वेगळी पंगत संपली नाही. शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, रेल्वेचा डबा वेगळा. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच काळात तिथं नर्सिंगच्या शाळा निघायला लागल्या. बॉस्टन शहरात बायकांनी बायकांसाठी चालवलेला एक दवाखाना होता. तिथं मेरी महोनी नावाची एक काळी बाई जवळजवळ पंधरा वर्षं काम करत होती. स्वयंपाक, धुणं, झाडलोट, पडेल ते. १८७८ साली तिला त्याच दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळाला. तेव्हा तिचं वय तेहतीस होतं. माझ्याच वयाची म्हणा ना. सोळा महिन्यांचं शिक्षण, आणि तेही रात्रंदिवस वॉर्डात राबून. तिच्या तुकडीत चाळीसच्या वर मुली शिरल्या होत्या, त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच शेवटपर्यंत टिकल्या. मेरी टिकली. १८७९ साली ती रीतसर शिकलेली अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय नर्स झाली.

पण एक जण आत गेली म्हणजे दार उघडलं, असं होत नाही. बऱ्याच शाळा काळ्या मुलींना घेतच नव्हत्या. ज्या घेत, त्या वर्षाला एखादी घेत. म्हणून काळ्या समाजानं स्वतःचे दवाखाने आणि स्वतःच्या शाळा काढल्या. तिथून शिकून मुली बाहेर पडायच्या. तेव्हा शिकलेल्या नर्सला दवाखान्यात नोकरी फार कमी मिळायची. दवाखान्यातलं काम शिकाऊ मुलींकडून करून घेत. शिकून झालं की नर्सनं लोकांच्या घरी जाऊन आजाऱ्याची सेवा करायची. कोणाच्या घरी जायचं, हे नर्सेसच्या यादीवरून ठरायचं. यादीत नाव असेल तर काम. काळ्या बाईचं नाव यादीत वर कोण घेणार? आणि घेतलं तरी मजुरी कमी.

आता या गोष्टीत मार्था येते. मार्था फ्रँकलिन. तिचा जन्म १८७० चा. फिलाडेल्फिया शहरातल्या नर्सिंगच्या शाळेतून ती १८९७ साली बाहेर पडली. तिच्या वर्गात ती एकटीच काळी. हे १८९७ साल आपल्याही लक्षात राहण्यासारखं आहे. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. इकडे कोणी नर्सिंगचा कागद न घेता आजाऱ्याला पाठीवर घेत होतं, तिकडे कोणी कागद हातात घेऊन कामासाठी दारोदार फिरत होतं.

मार्था घरोघरी जाऊन नर्सचं काम करत होती. तेव्हा गोऱ्या नर्सेसनी एकत्र येऊन मोठ्या संघटना उभ्या केल्या होत्या. १८९६ साली त्यांची देशपातळीवरची संघटना झाली. त्यांचं मागणं रास्त होतं. कोणीही उठून स्वतःला नर्स म्हणवून घेऊ नये, शिक्षण किती हे ठरावं, सरकारी नोंदणी व्हावी. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यानं तसा पहिला कायदा केला, मग एकेक राज्य करत गेलं. पण नोंदणी म्हणजे परीक्षा आली, आणि दक्षिणेकडच्या काही राज्यांत काळ्या नर्सेसना परीक्षेला बसूच देत नव्हते. जो कायदा सगळ्या नर्सेसच्या भल्यासाठी केला, त्यानंच काही जणींची वाट बंद झाली.

मार्थाच्या मनात आलं, हे माझ्या एकटीचं दुखणं आहे की सगळ्यांचं? आणि हे कळायचं कसं? फोन घरोघरी नव्हते. देशभर विखुरलेल्या बायका. कोणी न्यूयॉर्कात, कोणी दूर दक्षिणेत. मग तिनं पत्रं लिहायला घेतली. १९०६ च्या सुमारास ती कामाला लागली. दिवसा आजाऱ्याची सेवा, रात्री पत्रं. तिनं दीड हजारांच्या आसपास पत्रं धाडली, स्वतःच्या हातानं लिहून, स्वतःच्या पैशानं. तेव्हा एका पत्राला दोन सेंटचं तिकीट लागायचं. आपण गटातल्या बायका, हिशोब लगेच करतो. शंभर सेंटचा एक डॉलर. दीड हजार पत्रांची नुसती तिकिटं तीस डॉलरची झाली. कागद, शाई, पाकीट वेगळं. कुठला निधी नाही, अनुदान नाही, प्रवासभत्ता नाही.

पत्रात ती विचारायची, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आपण एकदा एकत्र बसावं असं तुम्हाला वाटतं का?

उत्तरं येत गेली. न्यूयॉर्कमध्ये लिंकन नावाचा दवाखाना होता, तिथं काळ्या मुलींसाठी नर्सिंगची शाळा होती. त्या शाळेतून शिकलेल्या नर्सेसचा एक संघ होता आणि त्याच्या अध्यक्ष होत्या एडा थॉम्स. त्यांनी मार्थाला निरोप धाडला, बैठक आमच्याकडे घ्या, तुम्ही आमच्या पाहुण्या. म्हणजे मार्थाजवळ कल्पना होती आणि एडाजवळ एक चालता गट होता. दोन्ही जुळलं तेव्हा काम झालं.

या एडाबाईंबद्दल एक गोष्ट सांगते. त्या शाळेचा सगळा कारभार त्या बघायच्या. पण १९०६ पासून १९२३ पर्यंत, इतकी वर्षं, त्या 'प्रभारी'च राहिल्या. काम पूर्ण, पद कधीच पूर्ण नाही. काळ्या बाईला मुख्य म्हणायचं नाही, एवढंच कारण. तुमच्यापैकी ज्या सरपंचताई घरच्यांच्या मागं बसून सह्या करतात, त्यांना हे कळेल. फक्त उलटं. आपल्याकडे पद बाईचं आणि कारभार दुसऱ्याचा. तिथं कारभार बाईचा आणि पद कोणाचंच नाही.

२५ ऑगस्ट १९०८ ला न्यूयॉर्कमधल्या सेंट मार्क्स चर्चमध्ये बैठक भरली. किती जणी आल्या असतील? बावन्न. दीड हजार पत्रं आणि बावन्न बायका. म्हणजे जवळजवळ तीस पत्रांमागं एक बाई. आपण गावात पाच घरी निरोप देतो आणि तीनच बायका आल्या की म्हणतो, "जाऊ दे, कोणाला पडलेलं नाही." मार्थानं बावन्न जणींकडे बघून असं म्हटलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

त्या बावन्न जणींनी बसून संघटना स्थापन केली आणि मार्थाला अध्यक्ष निवडलं. तीन गोष्टी ठरवल्या. आपल्या पेशाचा दर्जा वाढवायचा. नर्सिंगमधला भेदभाव मोडायचा. आणि आपल्यातून पुढारी बायका तयार करायच्या. बघा हं, नुसतं "आम्हाला घ्या" असं त्यांनी म्हटलं नाही. "आम्ही चांगलं शिकू, चांगलं काम करू, पुढारपणही करू, आणि दारही उघडून घेऊ" असं चारी बाजूंनी धरलं.

दुसऱ्या वर्षी, १९०९ साली, त्यांची वार्षिक बैठक बॉस्टनला झाली. स्वागताचं भाषण कोणी केलं? मेरी महोनीनं. पंधरा वर्षं त्या शहरात धुणं-स्वयंपाक करून मग नर्स झालेली ती बाई, तेव्हा चौसष्ट वर्षांची. नव्या मुलींसमोर उभी राहून बोलली. संघटनेनं तिला आजीव सदस्य करून घेतलं, वर्गणी न घेता.

इथं मी जरा आपल्या घराकडे येते. तेच १९०८ साल. आपल्या मुंबईत नर्सेसची एक बैठक झाली आणि हिंदुस्थानातल्या शिकलेल्या नर्सेसची संघटना काढायचं ठरलं. त्याच्या आधी १९०५ साली लखनौला दवाखान्यांच्या मुख्य नर्सेसनी एक संघ काढला होता. त्यात नऊ जणी होत्या, आणि नऊच्या नऊ युरोपियन. पुढे १९२२ साली दोन्ही संघ एक झाले, आणि ती संघटना आजही चालू आहे. आपल्या मराठी मुलखातली बाई यात कुठं होती? होती. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नर्सिंग शिकायला पहिली भारतीय बाई आली, तिचं नाव काशीबाई गणपत. त्या काळी हे काम भल्या घरच्या बाईचं नाही असंच समजत. परक्याला हात लावायचा, रक्त-पू बघायचा, कुठल्याही जातीच्या माणसाची सेवा करायची. पुढे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं मुलींना, त्यातही विधवा मुलींना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हाही लोक बोललेच. म्हणजे आपल्याकडेही दार एका ढकलीत उघडलेलं नाही.

आता पुन्हा अमेरिकेत जाऊ, कारण खरी अवघड गोष्ट पुढेच आहे.

ती जी मोठी संघटना होती, तिनं १९१६ साली आपल्या घटनेत बदल केला. आता सदस्य व्हायचं तर आपल्या राज्याच्या शाखेतून व्हायचं. नियम सगळ्यांना सारखा. वाचला तर त्यात काळं-गोरं असा एक शब्द नाही. पण दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांच्या शाखा काळ्या बाईला सदस्य करूनच घेत नव्हत्या. म्हणजे तिथली काळी नर्स कितीही शिकलेली असो, देशाच्या संघटनेचं दार तिला बंद. कोणी हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. नुसता एक नियम केला.

मैत्रिणींनो, हे वाचताना मी थांबले. कारण असा एक नियम मी स्वतः केलेला आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाची मासिक बैठक मी सकाळी अकराला ठेवली. घरचं काम आवरून बायका येतील, ऊन व्हायच्या आत परत जातील, असा विचार. लागोपाठ तीन बैठका ज्या गटाची प्रतिनिधी येणार नाही, त्या गटाचा कर्जाचा प्रस्ताव मागं ठेवायचा, असाही ठराव केला. सगळ्यांना सारखा. त्या हंगामात गावाबाहेरच्या वस्तीवरच्या गटाची कोणी आलीच नाही. आम्ही कार्यवृत्तात लिहिलं, 'गैरहजर'. तिसऱ्यांदा लिहिलं, 'गैरहजर'. आणि त्यांचा प्रस्ताव मागं ठेवला. बैठकीत कोणीतरी म्हणालंही, "त्यांना गरजच नाही." मी गप्प बसले.

नंतर त्या गटाच्या सचिव मावशी मला रस्त्यात भेटल्या. डोक्यावर कापसाचं गाठोडं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, अकराला आम्ही वेचणीला असतो. मजुरी किलोवर आहे. बैठकीला आलो तर त्या दिवशी चूल कशावर पेटवायची?" त्या वस्तीवरच्या सगळ्याच बायका मजुरीच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा ही वेळ ठरवताना मला त्यांची आठवणच झाली नाही. आणि जातीचं नाव न घेता आम्ही एका जातीच्या बायकांना बाहेर ठेवलं होतं.

तेव्हापासून बैठक संध्याकाळी साडेसातला असते. कधी या गल्लीत, कधी वस्तीवर. वस्तीवरच्या बैठकीला पहिल्यांदा काही जणी चहाला नको म्हणाल्या. पोटात आम्लपित्त, उपास, अशी कारणं निघाली. आता बहुतेक जणी घेतात. सगळ्या घेतात असं मी खोटं सांगणार नाही.

मार्थाच्या संघटनेनं काय केलं? त्यांनी काम सोडलं नाही. काळ्या नर्सेसची यादी ठेवली, कामं मिळवून दिली. पहिल्या महायुद्धात एडा थॉम्सनी काळ्या नर्सेसना सैन्यात घ्या म्हणून पिच्छा पुरवला. युद्ध संपल्यावर, १९१८ च्या डिसेंबरात, इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना अठरा जणींना घेतलं. राहायची सोय वेगळी. अठरा म्हणजे काहीच नाही. पण शून्याचे अठरा झाले.

मधल्या काळात संघटना पार खंगली. आपले गट खंगतात तशीच. १९३४ साली मेबल स्टॉपर्स या बाईंनी कार्यालयाचं काम हाती घेतलं आणि गावोगाव फिरून तिला पुन्हा उभं केलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं. सैन्यानं काळ्या नर्सेस किती घ्यायच्या ठरवलं? छप्पन्न. देशात शिकलेल्या हजारो, आणि घेणार छप्पन्न. पुढे आकडा थोडा वाढला, पण त्यातल्या काही जणींना शत्रूच्या, म्हणजे जर्मन कैद्यांच्या सेवेला लावलं. आपल्या गोऱ्या सैनिकाला त्यांचा हात नको, शत्रूच्या कैद्याला चालेल.

१९४५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की नर्सेस फार कमी पडत आहेत, सक्तीनं भरती करावी लागेल. न्यूयॉर्कमध्ये सैन्याच्या मुख्य डॉक्टरांची सभा होती. तेही हेच सांगत होते. मेबलबाई सभेत उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. नर्सेस एवढ्या कमी असतील, तर सैन्य आमच्या काळ्या नर्सेसना का घेत नाही? ही गोष्ट वर्तमानपत्रांत गेली. देशभरातून तारांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात सैन्यानं मर्यादा काढून टाकली.

एका प्रश्नानं हे झालं का? नाही. त्या प्रश्नामागं सदतीस वर्षांच्या बैठका होत्या. कोण कुठं आहे, किती शिकलेल्या आहेत, याची यादी होती, म्हणून त्या उभ्या राहू शकल्या. आकडा हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

१९४८ साली मोठ्या संघटनेनं ठरवलं, राज्याची शाखा घेत नसेल तर त्या नर्सला थेट सदस्य होता येईल. दार उघडलं. मग १९५१ साली मार्थाची संघटना रीतसर बंद करण्यात आली. ज्यासाठी काढली ते झालं, असं म्हणून. मार्था तेव्हा ऐंशी वर्षांची होती. पुढे १९६८ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. पण वीस वर्षांनी, १९७१ साली, काळ्या नर्सेसना पुन्हा वेगळी संघटना काढावी लागली. आत तर आलो, पण आपलं ऐकतं कोण, हा प्रश्न उरलाच होता. दार उघडणं एक आणि पंगतीत बरोबरीनं वाढणं दुसरं.

तर त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. बसून बोलल्यानं काय होतं? लगेच काही होत नाही. पहिल्यांदा एवढंच कळतं की हे माझं एकटीचं नाही. मग कार्यवृत्तात चार ओळी लिहिल्या जातात. मग यादी होते. मग कधीतरी एखादी बाई सभेत उभी राहते आणि बरोबर प्रश्न विचारते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या गटाचं कार्यवृत्त काढा आणि 'गैरहजर' लिहिलेली नावं वाचा. प्रत्येक नावापुढं स्वतःला विचारा, ती आली नाही, की तिला येता येणार नाही अशी वेळ आम्ही ठरवली? मग पुढच्या बैठकीआधी त्यातल्या एकीच्या घरी जा. दीड हजार पत्रं लिहायची नाहीत आपल्याला. एका घरी जायचं आहे.

आमची पुढची बैठक वस्तीवर आहे, साडेसातला. सचिव मावशी आता ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष आहेत. प्रभारी नाहीत, पूर्ण.